सात दगडांची उतरंड

आबा,

बाप म्हणून, जिवंत होतास तोवर तुला अहोजाहो केलं. अहो आबा, भाकरी आणलीय. अहो आबा, पाणी देऊ का. आता करणार नाही. तुला जाऊन चाळीस वर्षं झाली, मी बासष्टची झाले, गुडघे गेले, निम्मे दात गेले, आणि मेलेल्या माणसाचा मान सांभाळत बसायला मला आता वेळ नाही. तुझ्यावर माझा राग आहे. जुना आहे, पण विझलेला नाही. चुलीच्या राखेत निखारा झाकून ठेवावा तसा ठेवला होता, तो गेल्या आठवड्यात उघडा पडला.

मी हे लेकाच्या घरी बसून लिहितेय. अमेरिकेत पार्सिपनी म्हणून गाव आहे, तिथं. लेक औषधांच्या कंपनीत आहे, सून बँकेत जाते, नात चौदा वर्षांची आहे आणि शाळेत जाते. दिवसभर घरात मी आणि फ्रीज, दोघंच आवाज करतो. त्या फ्रीजच्या दारावर लोहचुंबकाखाली एक कागद लावलेला आहे. त्यावर लेकाची सही पाहिजे. उद्या शुक्रवार, उद्यापर्यंत सही झाली नाही तर नातीला उन्हाळ्यात जिथं जायचंय तिथं जाता येणार नाही. सही होत नाहीय ती माझ्यामुळं. हे घरात दोघींनाच माहीत आहे, मला आणि तिला. नऊ दिवस झाले, दोघी गप्प आहोत.

सहलीहून परत आल्यापासून मी तिच्या आवडीचं करतेय. पहिल्या दिवशी थालीपीठ, मग शिरा, काल बेसनाचे लाडू, एकवीस वळले. तिनं डबा उघडला, बघितला, "थँक्स, आजी" म्हणाली आणि झाकण लावून वर खोलीत निघून गेली. एक उचलला नाही. मी त्या डब्याकडं बघत उभी राहिले आणि मला तुझी पाटी आठवली. ती आठवली म्हणून हे पत्र. पाटीचं पुढं सांगते. तू विसरला असशील, तुला सोयीचं विसरायची सवय होती.

झालं ते असं. शाळेला वसंताची सुट्टी लागली तेव्हा लेक म्हणाला, या वेळी डिस्नीबिस्नी नको, पार्क बघू. पार्क म्हटल्यावर मला वाटलं झोपाळे असतील. विमानानं डेन्व्हरला गेलो, तिथून भाड्याची लांबलचक गाडी घेतली आणि अख्खा दिवस चालवत यूटाच्या वाळवंटात उतरलो. तिथं दगडाच्या कमानी आहेत, आबा. एक-दोन नाहीत, शेकड्यानं. तांबड्या, विटेच्या रंगाच्या. कुणी बांधलेल्या नाहीत. वाऱ्यानं, पाण्यानं आणि थंडीनं खडक खात खात मधोमध भोक पाडलं आणि वरचं तेवढं शिल्लक राहिलं. ना कळीचा दगड, ना चुना, ना ओळंबा. हातानं घासला तर तळव्यावर वाळू येते. जन्मभर दगडाचं काम केलेला तू, असला मऊ दगड पायरीलासुद्धा लावला नसतास, आणि तो आपल्या गावच्या देवळापेक्षा उंच उभा आहे. लोक त्याखाली उभं राहून फोटो काढतात आणि वर बघून हळू आवाजात बोलतात. मी पहिल्या कमानीखाली उभी राहिले आणि मला एकच सुचलं, की आबाची पडली आणि ही उभी आहे. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

तुझी पडली तेव्हा मी दहा वर्षांची होते. तो दिवस माझ्यापुढं आजही तसाच उभा राहतो. मी भाकरीचं फडकं घेऊन ओढ्याकडं चाललेय. सडकेखालच्या मोरीची कमान तू उभी केलीयस, खाली अजून लाकडी सांगाडा आहे, दुपारी तो काढायचाय, कारण ओव्हरसियर आलाय आणि त्याला घाई आहे. तो टोपी घालून छत्रीखाली बसलाय. तुझी पाच माणसं ओढ्यात पाय सोडून बसलीत. मी भाकरी ठेवायला कमानीच्या डाव्या पायाशी जाते आणि मला दिसतं की दोन दगडांमध्ये ठोकलेली चीप खाली वाळूत पडलीय. मी फटीत हात घालून बघते. चार बोटं आत जातात. मी हे तुझ्याच हाताखाली शिकले होते, आबा, तुझ्यासाठी चिपा वेचता वेचता. मी म्हणते, "अहो आबा, डावीकडची चीप निसटलीय, हात जातोय आत." माणसं हसतात. एकजण म्हणतो, "घ्या, आता पोरगी तुम्हाला कमान शिकवणार." ओव्हरसियरही हसतो. तू उठतोस, कमानीकडं बघत नाहीस, माझ्याकडं येतोस आणि माझ्या तोंडात देतोस. "बाईच्या जातीनं चुलीच्या दगडाबद्दल बोलावं," म्हणतोस. मी घरी जाते. दिवस कलायच्या आत सांगाडा निघाला, डावा पाय फाकला आणि सगळी कमान ओढ्यात बसली. एका माणसाच्या पायाचा अंगठा गेला. जीव कुणाचा गेला नाही, ते तुझं नशीब.

हे सगळं मी लेकाला कधी सांगितलेलं नाही. त्याला वाटतं त्याचे आजोबा मोठे कारागीर होते. होतासही. तो तुझी गोष्ट इथल्या मित्रांना सांगतो, हातानं मोऱ्या बांधणारा आजा, आणि नातीला दगडांचं वेड लागलंय ते तिकडूनच आलं म्हणतो. पोरीच्या खोलीत कपड्यांपेक्षा दगड जास्त. तिच्या शाळेतल्या एका बाईंनी तिला एका शिबिराचा कागद दिला. तीन आठवडे डोंगरात राहायचं, तंबूत झोपायचं, खडक कसे झाले ते शिकायचं. निवडून मोजकीच मुलं घेतात, त्यात हिचं नाव आलं. लेक म्हणाला, मुलगी एकटी तीन आठवडे डोंगरात, नाही. सून म्हणाली, जाऊ दे. मग लेकानं ऑफिसात करतात तसा करार केला. "या ट्रिपमध्ये मॅप तुझ्याकडे," तो तिला म्हणाला. "वाट तू दाखवायची. जबाबदारीनं वागलीस तर मी सही करतो." पोरगी एवढी आनंदली की तिनं गाडीत बसल्या बसल्या नकाशा पाठ केला. मी मागच्या सीटवर तिच्याशेजारी होते. चारशे मैल ती बोटानं रेघा गिरवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या कमानीकडं निघालो. गाडी लावतो तिथून उघड्या खडकावरनं चढत जायचं. मी साडी थोडी वर खोचली होती आणि खाली लेकानं घेऊन दिलेले कापडी बूट. येणारे-जाणारे "हाय" म्हणत होते, मी मान हलवत होते. सुरुवातीलाच मी एक खडा उचलला, चपटा, छान तांबडा, नातीला द्यावा म्हणून. तर लेक एवढ्या मोठ्यानं ओरडला की पार्काचा हिरव्या कपड्यांतला माणूस वळून बघायला लागला. "आई, टाक तो. नॅशनल पार्क आहे हे. इथलं काही उचलायचं नसतं. किती वेळा सांगायचं?" एकदाही सांगितलं नव्हतं. मी खडा टाकला. पार्काचा माणूस माझ्याकडं बघून हसला, चुकलेल्या पोराकडं बघतात तसा. नात माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "इट्स ओके, आजी. ही इज बीइंग बॉसी." मी म्हटलं, "तुझ्या पणजोबांवर गेलाय."

खडकावर पायवाट उमटत नाही. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर चार-पाच दगड एकावर एक रचून ठेवलेले असतात, घागरींची उतरंड असते तसे. एक दिसली की तिच्याकडं जायचं, तिथून पुढची शोधायची. ही वाटेची खूण आहे हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला वाटलं लोकांनी नवसाला रचल्यात. आपल्याकडं देवीच्या डोंगरावर बाया रचत नाहीत का, घर होऊ दे म्हणून? आई रचायची. तुझ्या घरात राहून वेगळं घर मागायची ती, हे तुला कधी कळलं नाही. मी मनात म्हटलं, चला, माणसं इथून तिथून सारखीच, यांनाही घरंच हवीत.

कमान अजून पाऊण मैल राहिली असेल तेव्हा माझे गुडघे थांबले. मी सावलीत बसते, तुम्ही जा म्हटलं. लेक-सून पुढं गेली, नात जाऊन पोचली की मला घ्यायला परत येणार होती. मी एकटीच बसले. माझ्यासमोर दगडच दगड, आणि हात रिकामे. मला देवाबिवाचं फारसं नाही. पण पोरीची सही मनात होती, आणि सकाळचा अपमानही होता. उचलू नको म्हणतोस काय, लेका. मी शोधून शोधून सात दगड आणले. खालचा रुंद, परातीएवढा. त्यावर दुसरा, सपाट बाजू फिरवून. जिथं डुगडुगला तिथं बारीक चीप सारली. पन्नास वर्षांनी हात लावला असेल, पण हात विसरला नव्हता. सातवा दगड ठेवला आणि लांब जाऊन एक डोळा मिटून बघितलं. ओळंबा सोडल्यासारखी सरळ. त्या वाटेवर तसली दुसरी नव्हती, बाकीच्या सगळ्या कशाबशा ढीग घातलेल्या. मी म्हटलं, पोरीला जाऊ दे डोंगरात. आणि मला हसू आलं.

नात पळत आली. उतरंड बघून थांबली. "आजी, तू केलं हे? इट्स ब्यूटिफुल." मग तिचा चेहरा बदलला. तिचं मराठी मोडकं आहे, पण तिनं नीट सांगितलं. "पण आजी, हे रस्ता दाखवायला असतात. लोक याला बघून जातात. इथं रस्ता नाही. टेक इट डाउन, ओके?" मी म्हटलं, "ओके." ती माझी पिशवी आणि पाण्याची बाटली उचलायला वळली. मी उतरंडीला हात लावला आणि मला ती मोडवेना. एवढंच. आयुष्यात एवढी सुबक गोष्ट मी एकटीनं, कुणाला न विचारता, केली नव्हती. येताना मोडू म्हटलं आणि तिचा हात धरून चालायला लागले. तिनं वळून बघितलं नाही. आजी ओके म्हणाली म्हणजे झालं, असं तिला वाटलं.

कमान बघितली. मोठी होती. तिथं बसून पराठे खाल्ले, सुनेनं फोटो काढले, तास-दीड तास गेला. उतरताना उन्हाची बाजू बदलली होती आणि सकाळचा एकही खडक ओळखू येईना. नात पुढं होती. ती डावीकडं वळली. लेक मागून म्हणाला, "थांब, थांब. खूण उजवीकडं आहे. ती बघ केवढी मोठी." माझी उतरंड. दुपारचं तिरपं ऊन तिच्यावर पडलं होतं, शिखरासारखी दिसत होती. तिच्या मागं दोन खडकांच्या मधून एक घळ खाली उतरत होती, रस्त्यासारखीच.

"नो, डॅडी," पोरगी म्हणाली. "ती खरी नाही. आपण इकडून आलो. मॅपवर बघ."

"खरी नाही म्हणजे काय? एवढी व्यवस्थित रचलीय. रेंजर लोकांनीच रचली असणार. तू मॅप उलटा धरलायस."

"आय ॲम नॉट. प्लीज, ऐक ना."

"वाद घालू नको. मागं ये."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी बोलेन म्हणून थांबली. तिनं नाव घेतलं नाही माझं, आबा. सकाळी एका खड्यावरून बापानं आजीला सगळ्यांसमोर कसं झापलं ते तिनं बघितलं होतं. मी तोंड उघडलं. "अरे, पोरगी म्हणते ते—" एवढंच म्हटलं. लेक म्हणाला, "आई, प्लीज. तुला काय कळतं यातलं? तू पायाखाली बघून चाल."

तुझाच आवाज. तुझ्या तोंडात तंबाखू असायची, एवढाच फरक. आणि माझं तोंड बंद झालं. भीतीनं नाही, हे तुला नीट सांगते. खुन्नस म्हणून. मला मनात आलं, जा, जा लेका, मला काय कळतंय, जा आणि बघ. दहा पावलांत चूक कळेल, नाक घासत परत येशील, तेव्हा सांगीन. दहा वर्षांच्या मला ओढ्यावरून घरी जाताना जे वाटलं होतं तेच वाटलं, की पडू दे.

ती घळ दहा पावलांत संपली नाही. अर्धा तास खाली गेली आणि एका कड्याशी थांबली, पुढं सरळ खाली खोल. परत चढायला लागलो तर वर दोन फाटे, कुठून उतरलो कळेना. पाणी संपलं, फोनला रेंज नव्हती. सून खडकावरून घसरली, गुडघा फोडून घेतला आणि रडायला लागली. लेक इकडं पळ, तिकडं पळ, घामानं भिजलेला, "हेल्प" म्हणून ओरडायचा आणि त्याचाच आवाज चारी बाजूंनी परत यायचा. मी एका दगडावर बसले होते. आता सांगून काय होणार म्हणत होते. पोरगी मात्र रडली नाही. तिनं खाली वाकून आमच्या बुटांखाली खरवडलेली पांढुरकी रेघ शोधली, एक एक, आणि आम्हाला वर आणलं. तिनंच आणलं. वर पोचलो तेव्हा सकाळचा तो हिरव्या कपड्यांतला माणूस लेकाचं ओरडणं ऐकून येत होता.

त्यानं पाणी दिलं. मग माझी उतरंड बघितली आणि वैतागून इंग्रजीत काहीतरी म्हणाला. सुनेनं मला सांगितलं, की आई, कुणीतरी गंमत म्हणून चुकीच्या जागी रचलीय, असं केल्यानं माणसं मरतात म्हणे. त्यानं बुटाची एक लाथ मारली. सातही दगड घरंगळत गेले. आबा, मला त्या क्षणीही वाईट वाटलं ते त्या रचण्याचं वाटलं. असली मी आहे.

लेकाचा चेहरा लाल झाला होता. घाबरलेला पुरुष आधी शोधतो तो गुन्हेगार. त्याला आठवलं की आदल्या संध्याकाळी मोटेलच्या अंगणात पोरगी दगडावर दगड ठेवत बसली होती, आणि आजीला आणायला तीच एकटी मागं आली होती. "तू केलंस हे?" त्यानं विचारलं. "म्हणून तुला माहीत होतं, ती खरी नाही?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी साडीच्या काठावरची वाळू झटकत होते. तिनं खांदे उडवले. "आय गेस," म्हणाली. असेल बहुतेक, असा त्याचा अर्थ. खोटं बोलली नाही आणि खरंही बोलली नाही, पुढ्यात आलेलं उचललं फक्त. लेक म्हणाला, "विसर तो कँप." परत तेच चारशे मैल. नकाशा तिनं घडी करून पुढच्या सीटच्या मागच्या खिशात ठेवला तो पुन्हा काढला नाही.

आता तुझं ऐक. कमान पडल्यावर तू तीन दिवस घरी आलास ते फक्त जेवायला. मी वाट बघत होते. काय म्हणणार होतास तू, "पोरगी बरोबर बोलली होती," एवढंच ना? त्या पाच माणसांसमोर नको, आईसमोरही नको, गोठ्यात जनावरांसमोर म्हणाला असतास तरी मला पुरलं असतं. त्याऐवजी कमान पुन्हा पहिल्यापासून बांधायला हात कमी पडतात म्हणून मला तिसरीतून काढलंस. मास्तर घरी आले होते. पडवीत बसून म्हणाले, मुलगी हुशार आहे, निदान चौथी होऊ द्या. तू म्हणालास, "हुशार आहे म्हणूनच काढली. फार बोलते." मास्तर चहा न पिता उठून गेले. चार महिने मी तुझ्या मोरीला चिपा वाहिल्या. एकही चीप सैल सोडली नाही, प्रत्येक फटीत बोट घालून बघितलं. ती मोरी अजून उभी आहे. तिच्यावरनं एसटी जाते.

आणि मोरी झाल्यावर एक दिवस माझ्या अंथरुणापाशी पाटी ठेवलेली. पाटी कसली, फरशीच. काळ्या दगडाची, तू घडवलेली, घासून घासून आरशासारखी केलेली, उचलायला दोन हात लागायचे. शाळा काढून घेतलीस आणि पाटी दिलीस. हसावं की रडावं तेच मला कळेना. मी काही बोलले नाही, तूही नाही. आठ दिवसांनी तू विचारलंस, "पाटी कुठाय?" मी म्हटलं, "विहिरीत टाकली." तू मान हलवलीस आणि भाकरी मोडलीस. मला वाटलं मारशील. मारायला हवं होतंस, मग बोलणं तरी झालं असतं.

तर ही तुझी पाटी आणि हे माझे लाडू. काल त्या डब्याशी उभी राहिले आणि लख्ख दिसलं, की मी नऊ दिवस काय करतेय. तूप घालतेय, वेलदोडा घालतेय, आणि जे म्हणायचं ते म्हणत नाहीय. तुझ्यावर पन्नास वर्षं चिडले, आणि तुझंच काम तुझ्यापेक्षा सफाईनं केलं. तू निदान स्वतःच्या पोरीला मारलंस तेव्हा तुला चूक माहीत नव्हती. मला सगळं माहीत होतं. याचाही राग मला तुझ्यावरच येतोय. तू एकदा ते म्हणून दाखवलं असतंस तर कसं म्हणतात ते मला आलं असतं. बाकी सगळं शिकवलंस, चीप कशी मारायची, दगड कसा फिरवायचा. हे नाही.

गाडीचा आवाज आला. लेक आला. उठते.

पुढचं पेन्सिलीनं लिहितेय, कारण पेन तो घेऊन गेला.

त्यानं किल्ल्या टेबलावर टाकल्या. मी म्हटलं, "बस." तो म्हणाला, "आई, दमलोय." मी म्हटलं, "मीपण. बस." बसला. मी म्हटलं, "ती उतरंड मी रचली होती." कुठली, म्हणाला. मी म्हटलं, "जिच्यामागं तू आम्हाला कड्यावर नेलंस ती." तो हसला, आबा. दमलेलं, समजूतदार हसू. "आई, तिला पाठीशी घालू नको. मला कळतं गं. पण तुला तसली रचता तरी येईल का?"

मी बाहेर गेले, सुनेनं फुलझाडांभोवती लावलेल्या दगडांतले सात काढले, पदरात घालून आणले आणि त्याच्यापुढं टेबलावर रचायला घेतले. हे गोल, गुळगुळीत, विकतचे दगड, रचायला वाईट. तिसऱ्याखाली चीप हवी होती, काडेपेटीची काडी मोडून सारली. पाचव्या दगडापर्यंत तो टेबलावर हात ठेवून बसला होता, मग हात उचलून मांडीवर घेतले, धक्का लागू नये म्हणून. सातवा ठेवला आणि मी एक डोळा मिटून बघितलं. त्यानंही बघितलं.

"तिला माहीत होतं?" तो म्हणाला.

"होतं. मोडायला सांगितलं होतं तिनं. मी मोडली नाही."

"मग ती बोलली का नाही?"

"बोलली की. मॅप बघ म्हणाली, ऐक म्हणाली. तू मागं ये म्हणालास."

"आणि तू?"

"मला यातलं काय कळतं?" मी म्हटलं. हे बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. मग म्हटलं, "मला कळत होतं. मी मुद्दाम गप्प बसले. चूक तिची नाही. ती बरोबर होती. हे तू तिला वर जाऊन सांग, आणि नंतर मी सांगणार आहे. दोघांनी सांगायचं."

तो उठला, फ्रीजवरचा कागद काढला, टेबलावरचं माझं पेन घेतलं आणि जिना चढून गेला. दार लागलं. आत इंग्रजीत चाललंय, मला कळत नाही. पोरीचा आवाज चढलाय, ओरडतेय बापावर. ओरडू दे. लाडू तसेच आहेत. तो बाहेर आला की मी जाणार आहे, डबा न घेता.

हे पत्र पिठाच्या डब्याच्या मागं ठेवीन. धाडायला तुझा पत्ता नाही, आणि पोरीला मराठी वाचता येत नाही. तुला लिहिणं सोपं होतं, तू उलट बोलत नाहीस. राग आहेच. तो काही एका पत्रानं जायचा नाही. पण खोटं एक तुझ्याशीही बोलले होते, तेवढं लिहून टाकते. पाटी विहिरीत टाकली नव्हती. गोठ्यात गव्हाणीमागं लपवली होती. तू कामावर गेलास की चुन्याच्या खड्यानं तिच्यावर लिहायचे. तिसरीच्या पुढचं जे काही येतं ते तिच्यावर आलं.